मनगटाचा भरवसा

मी रोज फिरायला जातो त्या रस्त्याला लागून गोल्फचं मैदान आहे. कुंपणाशी थांबून मी सरावाला आलेली माणसं बघतो. मला त्या खेळातलं फारसं कळत नाही. पण एवढं कळलंय, की काठी वर नेताना मनगट दुमडतं, आणि खाली आणताना चेंडूजवळ येईपर्यंत ते तसंच राहू द्यायचं असतं. मग ते आपोआप उलगडतं. घाई केली, की सगळा जोर वाटेतच सांडतो.

हल्ली तिथे एक निवृत्त गृहस्थ येतात. मागच्या बाकावर त्यांची बायको बसलेली असते. त्यांच्या उजव्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालंय. तिथली कातडी अजून फिकट दिसते. ते काठी इतकी आवळून धरतात, की मनगट दुमडतच नाही. चेंडू जेमतेम चार हात घरंगळतो.

"दुखलं का हो?" बाई विचारतात.

"मारलंय कुठे, दुखायला?" ते चिडून म्हणतात.

हाड डॉक्टर जोडून देतात. पण एकदा दगा दिलेल्या हातावर पुन्हा विसंबायचं, हे ज्याचं त्यालाच जमवावं लागतं. आणि तेही जोर लावून जमत नाही, हीच तर पंचाईत.

आज मात्र काठी वर गेली, मनगट दुमडलं, आणि खाली येताना टक्कन स्वच्छ आवाज झाला. गृहस्थ आपल्या हाताकडे बघत राहिले. बाई बाकावरून उठल्या आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. मी त्या दोघांकडे.

चेंडू कुठे गेला, ते आमच्यापैकी कोणीच पाहिलं नाही.