खाच असलेला पर

डिचोलीच्या आमच्या कॉलेजची आठ मुलं डॉल्फिनचा अभ्यास करायला मोरजीच्या समुद्रात निघाली, तेव्हा देखरेखीला मी होतो. मला पोहता येत नाही, हे फक्त माझ्या लाइफ जॅकेटला ठाऊक होतं!

होडीवाला मात्र माझ्याहून घाबरलेला. सारखी टोपी काढायचा, पुन्हा घालायचा. एका मुलीने डॉल्फिन ओळखायला काढलेले त्यांच्या पाठीवरच्या परांचे फोटो दाखवताच त्याने खाच पडलेल्या परावर बोट ठेवलं.

"बाय, ही दिसली तर पयली माका सांग. पिल्लू आसा तिचां. परवा टुरिस्टांच्या हट्टापायी मीच तिच्या पाठी लागलंय. इंजिनाचो पंखो लागलो काय तिका, देवाक ठावक."

आठही जण पाण्यावर नजर लावून बसले. तासभर नुसतं पाणी. मग एक पिल्लू वर आलं, एकटंच. होडीवाल्याने टोपी चुरगळली. तेवढ्यात पिल्लाच्या शेजारीच, फुस्स करून, खाच असलेला पर!

मुलीने दुर्बिणीतून नीट पाहिलं. "जखम नाही, दादा."

त्याने इंजिन लावलं नाही. वल्ही काढली आणि त्यातलं एक माझ्या हातात दिलं. किनारा येईपर्यंत माझ्या तळहातांना फोड आले, पण आयुष्यात पहिल्यांदाच मी तक्रार केली नाही.