सुरात लावलेल्या बॅटी

पिंगपाँगच्या बॅटी तबले मढवणाऱ्याकडून करून घेऊ नयेत. हे मला आधी कुणी सांगितलं नाही, पण त्यात कुणाचा दोष नाही. असंही कुणाला सांगावं लागेल, हे सुचणार तरी कुणाला?

गोष्ट महाराजांच्या राज्यातली, विसावं शतक नुकतंच उजाडलं होतं तेव्हाची. मी दरबारच्या एका दफ्तरात कारकून होतो. कोल्हापुरात तेव्हा खेळ म्हणजे कुस्ती. अंगाला तांबडी माती लागली नाही तर तो खेळच नव्हे, असं मानणाऱ्या या गावात आमचे वरिष्ठ रावसाहेब मुंबईहून एक पेटी घेऊन आले. पेटीत एक जाळी, सहा पांढरेशुभ्र कचकड्याचे चेंडू आणि लांब दांड्याच्या दोन बॅटी. जेवायच्या मेजावर मधोमध जाळी लावायची आणि चेंडू इकडून तिकडे टोलवत राहायचं. खेळाचं नाव पिंगपाँग. विलायतेत म्हणे याचं सगळ्यांना वेड लागलं होतं. (तिकडं जेवण लवकर उरकत असावं. आमच्याकडं पंगत उठेपर्यंत खेळायचं त्राण कुणात उरत नाही.)

रावसाहेबांच्या चिरंजीवांना खेळायला जोडीदार हवे होते. म्हणून दफ्तरात फर्मान सुटलं, "येत्या रविवारी आपापली मुलं घेऊन घरी या. बॅटी मात्र ज्याच्या त्यानं आणा. आमच्या फार नाजूक आहेत."

आता यात नाही म्हणायची सोय नव्हती. घाटाजवळच्या, धो धो पावसाच्या मलकापूरच्या कचेरीत इथून एक कारकून पाठवायचा होता, आणि तो एकतर मी किंवा शेजारच्या गादीवरचा दाजीबा, हे शिपायालासुद्धा माहीत होतं. निर्णय रावसाहेबांच्या हातात. घरी बायकोनं आपला निर्णय आधीच देऊन टाकला होता.

"तुमास्नी जायचं तर जावा. मी पोरांस्नी घिऊन उचगावला म्हायेरात ऱ्हाते. गोदीची शाळा म्या सोडवायची न्हाय."

"अगं, पण मी तिथं एकटा खाणार काय?"

"भात. तिकडं लई पिकतोय म्हनं."

गोदी आमची थोरली, नऊ वर्षांची, मुलींच्या शाळेत तिसरीत. बापू सात वर्षांचा. दोघांना सोडून मला मलकापुरात मुळीच राहायचं नव्हतं. तेव्हा ठरलं. पोरांनी रविवारी रावसाहेबांच्या घरी झकास खेळायचं, रावसाहेब खूश, आणि दाजीबा मलकापुरात. (दाजीबाबद्दल मला वाईट वाटत होतं. फार नाही.)

राहता राहिल्या बॅटी. मुंबईच्या एका दुकानाचं किमतीचं पत्रक रावसाहेबांनी मोठ्या मनानं वाचायला दिलं. मी ते वाचलं, नीट घडी घातली आणि परत दिलं. दाजीबानं तर पत्रक बघितलंही नाही. तो सरळ सुताराकडं गेला आणि त्यानं आंब्याच्या फळीतून दोन तुकडे कापून आणले. मुठीला चिंधी गुंडाळली की झाली बॅट! मला हसू आवरेना.

"दाजीबा, हे काय? धुणं बडवायला निघालाय का?"

"शिकाऊ पोरांस्नी ह्येच बेस," दाजीबा म्हणाला. "आपटलं, पडलं, तरी मोडायचं न्हाय."

असल्या अडाण्याशी काय बोलणार? मी रावसाहेबांची असली बॅट हातात घेऊन पाहिली होती. गोल लाकडी कडं, त्यावर दोन्ही बाजूंनी ताणून बसवलेलं पातळ चामडं. म्हणजे दांडा लावलेलं डफच की! मुंबईकर त्याचे एवढे पैसे घेतात? आमच्या गल्लीच्या टोकाला दस्तगीरचाचा राहायचे. तबला, डफ, ढोलकी मढवावी ती चाचांनी. मी कागदावर बॅटीचं चित्र काढलं आणि त्यांच्याकडं गेलो.

चाचांनी चित्र सुलटं बघितलं, उलटं बघितलं. "दांड्याचं डफ? वाजवणार कोन?"

"वाजवायचं नाही, चाचा. यानं चेंडू मारायचा."

"कुनाला?"

"कुणाला नाही. नुसताच."

चाचांनी हातातलं चामडं खाली ठेवलं. मग हळूच म्हणाले, "आण्णा, घरात समदं ठीक हाय न्हवं?"

मी त्यांना खेळ समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि विचारलं, "बरं. आवाज कसा पायजे?"

"आवाजाचं काही नाही हो."

"आसं कसं?" चाचा एकदम तापले. "ह्या दुकानातनं बेसूर वस्तू कंदी भाईर गेली न्हाय. चामडं ताणलं म्हंजे त्ये बोलणारच. मग नीट बोलू दे की!"

शहाणा माणूस इथंच उठला असता. पण चाचांनी सांगितलेली किंमत अगदी किरकोळ होती, आणि स्वस्ताई दिसली की माझी अक्कल नेहमीच आपणहून बाजूला सरकते.

चार दिवसांनी बॅटी मिळाल्या. वजन असं, की बापूला एक उचलायला दोन हात लागत. चामडं बकऱ्याचं, बांधणी चोख, आणि मधोमध तबल्याला असते तशी काळीभोर शाई!

"चाचा, ही शाई कशाला?"

"शाईबिगर घुमत न्हाय. ही एक चढी लावलीया, ही उतरती. दोनी संगट ऐका." आणि चाचांनी दोन्ही बॅटी मांडीवर घेऊन असा ठेका धरला, की रस्त्यावरची चार माणसं थांबून मान डोलावू लागली. मीही डोलावली. खोटं कशाला बोलू? जाता जाता चाचांनी बजावलं, "पावसानं ढिली पडली तर शेगडीवर धरा. टणक हुतीया."

घरी सरावाला चेंडू नव्हता, मेजही नव्हतं. बायकोच्या शिव्या खात मी माजघराचं दार बिजागरीतून काढून दोन पेट्यांवर आडवं टाकलं आणि चिंध्यांचा चेंडू बांधून दिला. गोदीनं पहिल्या तासात खेळ उचलला. दोन्ही हातांनी बॅट धरून ती असा टोला हाणायची, की चेंडू शेजाऱ्यांच्या परसात. बापूनं मात्र दुसऱ्या टोल्याला बॅटीचा आवाज ऐकला, खाली मांडी घातली आणि जो वाजवत बसला तो उठेचना! तिसऱ्या दिवशी एक अनोळखी गडी दारातून डोकावला.

"पावणं, कुस्त्या कुठं भरल्यात?"

"कुस्त्या नाहीत. पोरं चेंडू खेळतायत."

"मग हलगी कशाला वाजवालायसा?" असं म्हणून तो चिडून निघून गेला. त्याचा अर्धा तास फुकट गेला होता म्हणे.

रविवार उजाडला तो पावसातच. छत्री एक, माणसं चार. बायकोनं पोरांना छत्रीखाली घेतलं, मी बॅटी धोतराच्या सोग्यात गुंडाळल्या. सोगा भिजला, आणि रावसाहेबांच्या घरी पोचेपर्यंत बॅटी त्याच्याहून भिजल्या होत्या. दिवाणखान्यात लांबलचक मेज, त्यावर पांढरीशुभ्र किनारीची चादर, वर जाळी. भिंतीकडच्या खुर्च्यांवर रावसाहेब आणि त्यांचे दोन पाहुणे. दाजीबाची पोरं आंब्याच्या फळ्या घेऊन आधीच हजर.

दाजीबाच्या पोरांचा डाव झाला. टक, टक, टक. नीटनेटका, निरुपद्रवी, कंटाळवाणा. रावसाहेब म्हणाले, "छान!" मी गालातल्या गालात हसलो.

मग गोदी उभी राहिली. समोर रावसाहेबांचे चिरंजीव. त्यांनी चेंडू टाकला, गोदीनं बॅट फिरवली आणि आवाज आला, "ढप्प!" चेंडू बॅटीवरून घरंगळला आणि तिच्या पायाशी पडला. पुन्हा ढप्प. पुन्हा ढप्प. पावसानं चामड्याचा पार भिजका पापड झाला होता. गोदीनं माझ्याकडं बघितलं. डोळे भरले होते पोरीचे. माझा जीव खरोखर तुटला.

"एक मिनिट, रावसाहेब," मी म्हणालो. "जरा शेगडी मिळेल का?"

"शेगडी?"

"बॅट शेकायचीय."

पाहुण्यांनी एकमेकांकडं पाहिलं. पण शेगडी आली. मी बॅट निखाऱ्यांवर धरली, फिरवली, बोटानं टिचकी मारून बघितली. टण्ण! वा रे चाचा! गोदीला बॅट दिली. पुढचा टोला असा बसला, की चेंडू छताला लागून खाली आला. त्याच्या पुढचा बरोबर मेजाच्या कोपऱ्यात. चिरंजीव डावीकडं धावले तर चेंडू उजवीकडं, उजवीकडं धावले तर डावीकडं. पाहुणे पुढं सरकून बसले. मला मलकापूरच्या वाटेवर दाजीबाची बैलगाडी स्पष्ट दिसू लागली.

फक्त एक झालं. भिजलेली शाई सुटली होती. गोदीच्या प्रत्येक टोल्याला चेंडूवर काळा डाग आणि चेंडूच्या प्रत्येक उडीला चादरीवर काळा डाग. रावसाहेबांच्या सौभाग्यवती दारात येऊन ते ठिपके बघत होत्या.

"असू दे, धुऊन निघेल," रावसाहेब म्हणाले. माणूस खरंच मोठ्या मनाचा. पण आता चेंडू नीट उडेना. गोदीच्या दणक्यानं त्याला पोचा पडला होता. दुसरा घेतला, त्यालाही पोचा. तिसराही तसाच.

इथं मी गप्प बसायला हवं होतं. पण नुकतंच माझं कौतुक झालं होतं (निदान मला तसं वाटलं होतं), आणि कौतुक झालेला कारकून फार धोकादायक असतो.

"रावसाहेब, काळजी नको," मी म्हणालो. "हवा दमट आहे, चेंडूही ढिले पडलेत. आत्ता शेकून देतो."

आणि सहाच्या सहा चेंडू पेटीत भरून मी ती पेटी शेगडीवर धरली.

कचकडा कसा पेटतो हे ज्यांनी पाहिलं नसेल, त्यांनी पाहू नये. फक् असा आवाज झाला आणि माझ्या हातात हातभर उंचीची ज्वाळा उभी राहिली! मिशीची डावी बाजू गेली. मी किंचाळून पेटी फेकली. कुठं? मेजावर. चादरीची किनार पेटली, मग जाळी. सौभाग्यवती ओरडल्या, चिरंजीव मेजाखाली, पाहुणे खुर्च्यांवर उभे.

"बॅटी आना हिकडं!" बायको गरजली. तिनं एक बॅट उचलली, दुसरी गोदीनं, आणि मायलेकींनी त्या आगीला जे बडवायला सुरुवात केली! एक चढी, एक उतरती. धिन्, धा, धिन्, धा! बापूनं कोपऱ्यातून टाळ्यांनी ताल धरला. दाजीबानं घागर आणून ओतली तेव्हा कुठं आग विझली. मेजाचं एक टोक काळं पडलं होतं. मुंबईच्या पेटीतलं त्या दोन नाजूक बॅटींखेरीज काहीच उरलं नव्हतं.

आम्ही परत निघालो. गल्ली आली तशी गोदी म्हणाली, "आबा, मी जिंकत हुते की." मी तिचा हात धरून चालत राहिलो. माझ्यासारख्या बापाच्या पोटी एवढी गुणी पोर आली, याची तेव्हा लाज वाटली आणि अभिमानही वाटला.

सोमवारी दफ्तरात रावसाहेबांनी मला बोलावलं. आगीचा एका शब्दानं उल्लेख नाही. "तुमचं अक्षर चांगलं आहे. मलकापूरचा हुकूम लिहून घ्या." माझ्या जिवात जीव आला. माझी बदली ते मलाच कशी लिहायला सांगतील? त्यांनी मजकूर सांगितला, मी वळणदार मोडीत लिहिला. नावाची जागा कोरी ठेवायला सांगितली, ठेवली. उत्साहाच्या भरात मी सुचवलंसुद्धा, "रावसाहेब, 'रुजू व्हावे'च्या आधी 'तातडीने' घातलं तर? म्हणजे माणूस टाळाटाळ करणार नाही."

"उत्तम," रावसाहेब म्हणाले. "घाला. आणि कोऱ्या जागी तुमचं नाव घाला. तिकडं चार महिने सगळं ओलंचिंब असतं. तुम्ही तिथं निर्धास्त, आम्ही इथं."

दुसऱ्याच दिवशी पहाटे वळकटी बांधताना बायकोनं डोळ्याला पदर लावला. "असली कसली ओ ह्यांची घाई? निदान आठ दिसांची सवड तरी द्याची हुती की मानसाला!"

मी वळकटीची गाठ घट्ट करत राहिलो. हुकमातला 'तातडीने' हा शब्द कुणाचा, ते मी तिला आजतागायत सांगितलेलं नाही.