पाण्याच्या डब्यावरचा चौकोन

मी या सदराची नियमित वाचक आहे, पण इथे लिहीन असं कधी वाटलं नव्हतं. भूतखेत, दृष्ट, अंगात येणं... आमच्या घरात या शब्दांना थारा नव्हता. पप्पा नांदेडकडून नोकरीसाठी इकडे आलेले. रविवारी विहारात न चुकता जायचे, पण बुद्धमूर्तीपुढे कुणी नवस बोललं तर तिथल्या तिथे सुनावायचे. मी त्यांचीच मुलगी. वर्गातल्या मुली रस्त्यावरच्या पोपटवाल्याकडून भविष्य काढायच्या, तेव्हा मी त्या पोपटवाल्याशीच वाद घालायचे. त्यामुळे पुढचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा. तुमच्या जागी मी असते तर हसलेच असते.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवची गोष्ट. आम्ही नेरूळला राहायचो. कॉम्प्युटरचं शिक्षण संपवून मी वाशीच्या एका स्कॅन सेंटरमध्ये लागले होते. सेंटरचं नाव सांगत नाही. मार्केटकडे जाणाऱ्या ट्रकमुळे सकाळी काचा थरथरायच्या, एवढं सांगते. तिथल्या डॉक्टर मॅडमना एक वेड होतं. लकवा झालेल्या पेशंटच्या मेंदूचा सीटी स्कॅन कॉम्प्युटरनेच वाचावा आणि सांगावं की आत रक्तस्राव आहे की गुठळी. आज उठसूट सगळे एआय एआय करतात. तेव्हा आम्ही त्याला ‘न्यूरल नेटवर्क’ म्हणायचो, आणि म्हटलं की लोक विषय बदलायचे.

काम सोपं होतं असं नाही, पण सांगायला सोपं आहे. स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं, गुठळीमुळे मेलेला भाग काळसर. मॅडमनी खुणा केलेल्या जुन्या इमेज मी प्रोग्रामला पुन्हा पुन्हा दाखवायचे. मग नवी इमेज दिली की संशयित जागेवर तो एक चौकोन काढायचा आणि खाली लिहायचा – रक्त, किंवा गुठळी. बऱ्याचदा चुकायचा. कवटीच्या हाडालाच रक्त म्हणायचा. मॅडम शांतपणे म्हणायच्या, ‘‘शुभांगी, अजून शिकवा त्याला.’’

मशीन चालवायचे भोईरमामा. मूळचे जवळच्याच बोनकोडे गावचे. शेती शहरात गेली, मग एका दवाखान्यात वॉर्डबॉय झाले आणि बघत बघत टेक्निशियनचं काम शिकले. माझ्या प्रोग्रामला ते ‘पोपट’ म्हणायचे. मला चिडवायला दुसरा कुठला शब्द इतका लागला नसता, आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं.

‘‘काय गं पोरी, काय म्हनतो आज तुजा पोपट?’’

आता मुद्द्याची गोष्ट. सीटी मशीन रोज सकाळी तपासावं लागतं. त्यासाठी डोक्याएवढा एक प्लॅस्टिकचा गोल डबा असतो, पाण्याने भरलेला. पहिला पेशंट यायच्या आधी त्याचा स्कॅन करायचा. मशीनच्या हिशोबात पाणी म्हणजे शून्य. सगळीकडे शून्य आलं की मशीन ठीक. पण नाव आणि वय टाकल्याशिवाय मशीन पुढेच जात नसे. बाकी ठिकाणी तिथे ‘टेस्ट’ लिहितात. भोईरमामा स्वतःचं नाव लिहायचे. बाळाराम भोईर, वय बावन्न. मॅडमनी एकदा टोकलं तर म्हणाले, ‘‘पानी मी भरतो, मशीन मी चालू करतो, मंग नाव कोनाचं लिवू? टेस्ट नावाचा मानूस हाय का कोन?’’ मॅडमनी नाद सोडला.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मी आदल्या दिवसापासूनच्या सगळ्या इमेज प्रोग्रामला लावल्या. पाण्याच्या डब्याची इमेज मी नेहमी वगळायचे, त्या दिवशी घाईत राहिली. दुसऱ्या दिवशी बाहेरचे दोन डॉक्टर प्रोग्राम बघायला येणार होते, त्याचं टेन्शन. स्क्रीनवर पाण्याचा करडा गोल आला – आणि त्यावर चौकोन. मागच्या बाजूला, एका कडेला. खाली लिहिलेलं – रक्त.

‘‘मामा, तुमच्या पाण्यात रक्त निघालं बघा,’’ मी म्हटलं.

‘‘येडा झाला तुजा पोपट. काजू-बदाम खायला घाल त्याला.’’

मला मात्र हसू येईना. उद्या पाहुण्यांसमोर असं झालं तर? मामांनी डबा हलवून, उजेडाकडे धरून पाहिला. आत बुडबुडा नाही, कचरा नाही. पुन्हा स्कॅन केला. चौकोन तिथेच. तिसऱ्यांदा डबा फिरवून ठेवला. तरी तिथेच. मला वाटलं, कोपऱ्यात मामांचं नाव उमटतं त्या अक्षरांनी गोंधळ होत असेल. ती झाकून पाहिली. तिथेच. मग आधीच्या दहा-बारा दिवसांच्या डब्याच्या इमेज काढल्या. त्यांच्यावरही हेच नाव होतं. त्या सगळ्या साफ, चौकोन कुठेच नाही. मी वैतागून चहा प्यायला उठले.

साडेअकराला मामा एका पेशंटला आत नेत होते, तेव्हा दाराला धरून थांबले. मग बेसिनकडे जाऊन उलटी केली. चेहरा पांढराफटक.

‘‘पित्त झालंय,’’ ते म्हणाले. ‘‘मान दुखतंय मागून. मना घरी जाऊंदे, जरा पडलो का बरं वाटंल.’’

रिसेप्शनवरच्या मुलीने रिक्षा थांबवली. उन्हाळ्याचे दिवस, कुणालाही पित्तच वाटलं असतं. मामा पायऱ्या उतरायला लागले. मी मागून बघत होते. प्रत्येक पावलाला ते डावीकडे कलत होते... किंचितच. आणि मला तो चौकोन आठवला. स्कॅनमध्ये पेशंट आपल्याकडे तोंड करून असल्यासारखा धरतात, म्हणून स्क्रीनची उजवी बाजू ही त्याची डावी. हे मला मामांनीच शिकवलं होतं. चौकोन स्क्रीनच्या उजवीकडे होता.

मी रिक्षावाल्याला जायला सांगितलं, मामांना परत आत आणून बसवलं आणि मॅडमच्या केबिनमध्ये गेले. हे वाक्य तोंडातून काढताना मला किती लाज वाटली ते आजही आठवतं.

‘‘मॅडम, मामांचा स्कॅन करा. पाण्याच्या इमेजवर चौकोन येतोय. त्यांचं नाव घातलेल्या इमेजवर.’’

‘‘शुभांगी, प्रोग्राम बिघडलाय.’’

‘‘हो मॅडम. तरी करा.’’

त्या उठल्या. माझ्यासाठी उठल्या की मामांचा चेहरा बघून, ते मी कधी विचारलं नाही. मशीन चालवणारा माणूसच टेबलावर होता, म्हणून बटणं मॅडमनी दाबली. मामा पडल्या पडल्या त्यांनाच सूचना देत होते, ‘‘डोकं सरळ हाय का बघा मॅडम... पट्टा घट्ट करा.’’ एकेक इमेज येत गेली. मागचा छोटा मेंदू, जिथे इजा झाली की माणूस त्याच बाजूला कलतो. डावी बाजू, आणि तिथे पांढरा डाग. ताजं रक्त.

त्यानंतर सगळं धावपळीत झालं. ॲम्ब्युलन्स आली, मॅडम सोबत गेल्या, दुपारीच ऑपरेशन झालं. सर्जननी मामींना सांगितलं, घरी जाऊन झोपले असते तर उठले नसते.

संध्याकाळी मॅडम परत आल्या. त्यांनी मामांची फिल्म दिव्याच्या पेटीवर लावली, आणि त्यावर सकाळच्या डब्याची, चौकोनासकट. दोन्ही फिल्म एकाच मापाच्या. चौकोनाच्या आत तो डाग बरोबर मावला होता. मॅडमनी मशीनवर जाऊन डब्याच्या त्या जागेचे आकडे तपासले. शून्य. शून्य. शून्य. डोळ्यांना दिसत होतं ते नुसतं पाणी. भीती नाही वाटली मला. डोळे मात्र भरून आले. या जगात काहीतरी आपल्यापेक्षा फार मोठं आहे आणि ते आज आपल्या या छोट्या खोलीतून गेलं, असं वाटलं. पप्पांना मी हे कधीच सांगितलं नाही.

चार महिन्यांनी मामा कामावर आले. चालताना थोडे डुलायचे, जीभ थोडी जड, पण चिडवायची सवय शाबूत. मामी नारळ घेऊन आल्या आणि माझ्या कॉम्प्युटरला कुंकू लावून गेल्या. एरवी मी भांडले असते. त्या दिवशी मी मॉनिटर पुढे सरकवून दिला.

मामा डब्यावर स्वतःचंच नाव लिहीत राहिले, आणि मी ती इमेज रोज न चुकता प्रोग्रामला लावत राहिले. चौकोन पुन्हा कधीच आला नाही. त्या एका सकाळच्या इमेजवर मात्र दर वेळी यायचा, कितीदाही लावा. मी जमेल ती सगळी कारणं तपासली. योगायोग म्हणावा, तर नेमका त्याच जागी? प्रोग्रामचं म्हणाल तर खऱ्या पेशंटच्या बाबतीत तो चुकतच राहिला, आणि शेवटी मॅडमनी ते काम थांबवलं.

लग्न ठरल्यावर मी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी मामांनी हातात एक फ्लॉपी ठेवली.

‘‘आज डब्यावर तुजं नाव घातलं पोरी. वय बी बरोबर लिवलंय. जाताना पोपटाला दाखवून जा, म्हंजी मना टेन्शन नाय.’’

प्रोग्राम समोर सुरू होता. मी ‘उद्या बघते’ म्हणाले, आणि फ्लॉपी पर्समध्ये टाकली.

मामा पुढे बरीच वर्षं जगले, नातवंडं खेळवली. फ्लॉपी माझ्या कपाटात आहे, प्रोग्रामची दुसरी फ्लॉपी तिच्याच खाली. आता फ्लॉपी चालते कुठे, म्हणून इतकी वर्षं निभावलं. मागच्या महिन्यात मुलाने जुना ड्राइव्ह कुठूनसा आणून जोडला आणि म्हणाला, ‘‘आई, बघू या ना काय आहे यात.’’

अशा गोष्टींवर माझा आजही विश्वास नाही. मी त्याला म्हटलं, राहू दे.