अंगणातली पंगत

बुढीवर माझा अजून राग आहे. ती जाऊन किती पावसाळे झाले, माझे केस तिच्यासारखे पांढरे झाले, तरी तिची आठवण आली की आधी राग येतो आणि मग डोळे भरतात. बुढी म्हणजे माझी सासू. पहिली मोठी लढाई संपून थोडे दिवस झाले होते, तेव्हा मी गोंदियाकडच्या दवनीवाड्याजवळच्या एका लहान गावात तिच्या घरी नांदायला आले. आले ती नेमकी उपासमारीच्या वर्षात.

माझं माहेर बाघ नदीच्या पलीकडचं. आमची बोली वेगळी, पोवारी. इकडच्या बायका बोलायला लागल्या की बारा आणे समजायचं, चार आणे अंदाजानं. पण मी पहिल्यापासून तोंडाळ. समजलं नाही असं कबूल करणं माझ्या रक्तातच नव्हतं. मान हलवायची आणि पुढे जायचं.

त्या वर्षी धान पोटरीत आलं आणि पाऊस गेला तो गेलाच. बांध्यांना, धानाच्या खाचरांना, भेगा पडल्या. मग कोदो, म्हणजे कोद्रा, कापायच्या वेळी, ज्याला नको म्हटलं असतं तो पाऊस दोन दिवस धो धो पडला. घरात एक ढोली अर्धीमुर्धी भरली. ढोली म्हणजे बांबूची विणलेली, शेणमातीनं लिंपलेली उंच कोठी. तिच्या बाजूला दुसरी लहान ढोली होती, तिच्यात पुढच्या पेरणीची बिजाई. तिचं तोंड बुढीनं ओल्या मातीनं बंद करून वर बोटं उमटवून ठेवली होती. बिजाईला हात लावायचा नाही, हे मला कोणी सांगावं लागलं नाही. शेतकऱ्याच्या पोरीला ते आईच्या पोटातूनच ठाऊक असतं.

आमचे घरचे, म्हणजे माझा नवरा, रेल्वेच्या लाईनीसाठी लाकूड कापायला नवेगाव बांधच्या जंगलात निघून गेले. जाताना बुढीला म्हणाले, "माय, हिच्याकडे पाहाजो." मला दिवस गेले होते. घरात आम्ही दोघी, आणि माझ्या पोटातलं तिसरं.

बुढी कामाला मोठी वाघीण. मोहफुलं वाळवून तिनं मडक्यात दाबून ठेवली होती. ती भाजून लाखोळीच्या डाळीच्या पिठात कुटायची आणि लाडू वळायची. लाखोळी ती नुसती कधी शिजवू द्यायची नाही. आधी उकळायची, ते पाणी उकिरड्यावर फेकायचं, मग दुसऱ्या पाण्यात. आळस केला की पाय जातात, म्हणायची. अंबाडीचा पाला वाळवलेला, चिंचोके भाजून, फोलं काढून दळलेले, कोहळ्याच्या वड्या, तळ्यातले वाळलेले झिंगे. कांडताना उडालेली कणीसुद्धा ती अंगठ्यानं टिपून घ्यायची. फक्त ढोलीतून धान काढायचं काम तिचंच. घरातल्या मोठ्या बाईनंच काढायचं, सुनेनं आत डोकावायचं नाही, अशी तिथली रीत. ती आत जायची, सुपात ओंजळभर धान घेऊन बाहेर यायची, मी उखळात कांडायचे.

आणि तो सगळा भात माझ्या पानात पडायचा.

"माय, तुमी काऊन घेत नाही?" मी विचारायचे.

"मले धान पचत नाही आता. माहा कोदोच बरा. तू गुमान खा."

कोदोचं मला ठाऊक होतं. कापताना भिजला, ओलाच साठवला, की तो माततो. मातलेला कोदो खाल्ला की माणूस दारू प्याल्यासारखा डोलतो, हात कापतात, भलतंसलतं दिसतं. मी तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, "मातला तर मातला. थोडी डोलीन, मंग उतरून जाईन. तुह्या पोटात लेकरू आहे. तुले डोलून नाही चालत."

पौष सरेपर्यंत ती नुसती डोलायची. खांबाला टेकून बसायची, डोळे अर्धे मिटलेले, बोटं मांडीवर थरथरत. संध्याकाळ होईपर्यंत उतरायचं.

मग एका दुपारी मी विहिरीवरून पाणी घेऊन आले आणि दारातच थांबले. अंगणात भिंतीच्या कडेनं पळसाची पानं मांडली होती. एकापुढे एक, सरळ रांगेत, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून प्रत्येकावर खडा. ऊन असं की डोळे मिटावे लागत होते, आणि बुढी त्या उन्हात वाकून, रिकाम्या गंजातून, पातेल्यातून, रिकामा डाव घेऊन प्रत्येक पानावर वाढत चालली होती.

"घे माय. घे. लाजू नोको. अजून घे."

हंडा डोक्यावर तसाच. बुढीनं वर पाहिलं आणि मला दटावलं, "मंधातून नोको येऊ! पंगत बसली आहे, दिसत नाही काय?"

आणि खरं सांगते, मी भिंतीला घासून, रांगेला वळसा घालून आत गेले. मला कोणी दिसलं नाही. तरी त्या पानांवरून पाय टाकायची माझी छाती झाली नाही.

उतरल्यावर मी तिला विचारलं, कोण बसलं होतं? ती वात वळत होती. मग म्हणाली की वीस-बावीस वर्षांमागच्या मोठ्या दुकाळात ती माझ्यासारखीच नवी सून होती. रस्त्यानं बायका यायच्या, कडेवर पोरं, गोंदियाकडे स्टेशनाजवळ जेवण देतात म्हणून निघालेल्या. चालवेना झालं की या अंगणात, या भिंतीला टेकून बसायच्या.

"आमच्या सासूनं म्हटलं, दार लावून घे. मी लावलं. ढोली भरली होती, बाई. आंधी बाहेरून आवाज येऊन राहिला होता. मंग नाही आला."

एवढंच.

त्यानंतर पंगत रोज बसायला लागली. भर दुपारी, गावात चिटपाखरू नसताना. रांग लांबत गेली. भिंत संपली तशी वळून दाराकडे यायला लागली. बुढी त्यांच्याशी बोलायची. "सरकून बस व जराशी, हिच्या अंगावर लेकरू आहे." आणि दोन पानं खरंच सरकवायची, मध्ये तिसरं ठेवायची. तिचा हात इतका कापायचा की डाव गंजावर वाजायचा. मी दाराआड उभी राहून देवाला म्हणायचे, माझ्या घरच्यांना लवकर आण, ही बाई माझ्या डोळ्यांदेखत चालली. अन्न म्हणून पोटात जातंय ते विषच, हे मला दिसत होतं. पण माझ्या भातातला घास तिच्या तोंडाशी नेला की ती दात मिटून घ्यायची. जबरदस्ती केली तर हात झटकायची. मीही कमी नाही, एकदा तिचा जबडा धरला. ती मला चावली.

एकदा मला घेरी आली म्हणून मी भिंतीशी बसले. नकळत रांगेच्या शेवटी बसले असेन. बुढी डाव टाकून धावत आली, माझा दंड धरून मला खेचून उभं केलं. त्या काटकुळ्या हातात एवढा जोर कुठून आला कोणास ठाऊक. "ही नाही!" ती रांगेकडे पाहून ओरडली. "ही आमच्या घरची आहे. हिले मी देऊन राहिली ना!" कोणी मला मागत असल्यासारखी. त्या दिवशी मी घरात जाऊन कडी लावली.

होळीच्या अलीकडे, ती जरा शुद्धीवर असताना, मी धीर करून विचारलं, "माय, धान किती आहे?"

ढोलीवर हात ठेवून ती म्हणाली, "वाढलं."

मी विचारलं, "वाढलं?"

"हो व माय. वाढलं." आणि तोंड फिरवून आत गेली.

काय सांगू मला काय वाटलं! भीती वाटली, आणि भीतीपेक्षा मोठा आनंद झाला. धान वाढलं! रोज इतक्या जणींना वाढते म्हणून त्यांनी ढोली भरली. त्याशिवाय का माझ्या पानात रोज भात येतो? आणि येतच राहिला. बुढी दुपारी आत जायची, सुपात धान घेऊन यायची. मी येता-जाता त्या रिकाम्या पानांना हात जोडायला लागले. भाताला दुसऱ्यांदा हात पुढे करायला लागले. पोटातलं लेकरू लाथा मारायला लागलं.

शेजारणीला मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "आमच्याकडे धान वाढलं." तिनं "अरे देवा" म्हणून माझ्या गालाला हात लावला आणि दुसऱ्या दिवशी पदराआड मोहाचे लाडू अन् चिंचोक्यांचं पीठ घेऊन आली.

"कायले आनलं? आमच्याकडे धान वाढलं ना!"

"हो, बाई. म्हनूनच आनलं," ती म्हणाली.

मला वाटलं, कोदो साऱ्या गावालाच चढला आहे.

आमचे घरचे चैताच्या उन्हात आले. दाढी वाढलेली, खांद्यावर मजुरीतल्या तांदळाच्या कणीचं गाठोडं. अंगणातली पानं पाहून ते थबकले. मी पाणी दिलं. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "धान?"

"वाढलं!" मी हसून म्हटलं.

ते उंबऱ्यावर बसले. "कवा?"

"होळीच्या आंधी."

"अन् तू हासून राहिली? मंग तवापासून खाऊन काय राहिले तुमी?"

"भात," मी म्हटलं.

ते माझ्याकडे असे पाहायला लागले, जसं मी बुढीकडे पाहायचे. मग उठले, आत गेले, मोठ्या ढोलीत खांद्यापर्यंत हात घातला. बोटांना धूळ लागून आली. लहान ढोलीचं तोंड तसंच होतं, बुढीच्या बोटांचे ठसे तसेच. त्यांनी ढोली भिंतीपासून सरकवली. ती एका हातानं सरकली. मागच्या अंगानं, जिकडे कोणी पाहत नाही तिकडे, खाली भोक पाडून चिंधी कोंबलेली होती.

"अवो, 'सरलं' म्हनत नाहीत घरात," ते हळू म्हणाले. "लक्ष्मी जाते. दिवा इझवला म्हनत नाही, वाढवला म्हनते. तसं. धान वाढलं म्हंजे सरलं. तुले मालूम नाही?"

मला मालूम नव्हतं. आमच्या नदीपलीकडे सरलं की 'सर गयो' म्हणतात आणि मोकळे होतात. जळो ती रीत! नीट सांगितलं असतं तर मी बिजाई खाल्ली असती का? बुढीला ते पक्कं ठाऊक होतं, म्हणून तर तिनं समजावलं नाही. मी तिथेच उखळाशी बसून मोठ्यानं रडले, आणि रडता रडता तिला नाही नाही ते बोलले. पुढे बिजाई माझ्या भावानं नदीपलीकडून आणून दिली, ती गोष्ट वेगळी. पण त्या क्षणी आमच्या डोळ्यांपुढे न पेरलेली बांधी आणि अंगणात ती उभी, एवढंच होतं. ती चार दिवस काढील असं कोणाला वाटलं नसतं.

मी त्यांनी आणलेली कणी शिजवली. ती वाफ साऱ्या घरात भरली. गंज घेऊन बाहेर गेले तर बुढीची पंगत मांडून झाली होती.

"माय, इथं कोनी नाही!" आमचे घरचे ओरडले.

"हळू बोल. त्याह्यच्या घशात घास अडकन."

"माय, तू खा ना व!"

"पंगत उठल्याबिगर मी कशी खाऊ?"

तेव्हा मी डाव घेतला. पहिल्या पानापाशी वाकले आणि वाढलं. खरा भात, चिमूटभर. मग दुसऱ्या पानावर.

"येडी झाली काय? अन्न आहे ते!" ते म्हणाले. मी ऐकलं नाही. भिंतीच्या कडेनं, वळणावरून, दारापर्यंत, एकही पान न सोडता वाढत गेले. बुढी मागून सांगत होती, हिला जरा जास्त दे, हिच्यापाशी दोघं आहेत. मी दिलं. निंबावर कावळे ओळीनं बसले होते. खाली एवढा भात उघडा, आणि एकही उतरला नाही.

शेवटी एक पान उरलं. बुढीनं पाहिलं, लुगडं सावरलं आणि त्या पानापुढे बसली. मी उरलेला सगळा भात तिच्या पानात रिता केला. हात कापत असल्यानं तिला घास धरता येईना, म्हणून मी भरवला. दात मिटले नाहीत. एक घास, मग दुसरा. तिचे डोळे हळूहळू जागेवर आले. (ती त्या वर्षी गेली नाही. हाताचा कंप मात्र मरेपर्यंत राहिला. नातीला पाळण्यात टाकायचं तर दोघींनी मिळून धरावं लागे.)

चौथ्या घासाला तिनं माझं मनगट पकडलं. रांगेकडे न पाहता माझ्याकडे पाहिलं, ओळखून पाहिलं.

"पोरी, तू जेवली काय?"

"जेवली, माय," मी म्हटलं.

खोटं नव्हतं ते. त्या साऱ्या गावात, त्या साऱ्या वर्षात, रोज पोटभर जेवलेली मी एकटीच होते.