तुतारीची चिठ्ठी

तेजराम कापगतेचा राग क्रेनवरच्या भारासारखा होता. आधी दोर ताणायचा, मग इंच इंच वर. त्या रविवारी मात्र एका झटक्यात वर गेला.

भिलाईत भट्ट्या उभारणाऱ्या एका ठेकेदाराकडे तो खलाशी होता. अवजड लोखंड दोराने बांधून क्रेनला अडकवायचे, हे त्याचे काम. मूळ गाव साकोलीकडे, धानाच्या पट्ट्यात. गेल्या साली दुर्गच्या नव्या इतिहास संग्रहालयाचे अच्युतराव रुआबांधा वस्तीत त्याच्या खोलीवर आले होते. पोलाद कारखान्याआधीची जुनी वस्तू काही आहे का, विचारत होते. तेजरामकडे बापाची एकच वस्तू होती : बैल हाकायची काठी, टोकाला लोखंडी आर. बापाच्या मुठीने ती गुळगुळीत झालेली.

"याला काय म्हणता?"

"तुतारी जी. बापाचं नाव लिहान ना? चिंधू."

"अवश्य."

त्या एका शब्दावर त्याने काठी दिली. बाप गेला तेव्हा तो पहिल्या भट्टीच्या घाईत अडकला होता, खांदा द्यायलाही पोचला नव्हता. निदान नाव तरी टिकावे.

त्या रविवारी तो बायकोला, गयाबाईला, सायकलवर डबलसीट घेऊन संग्रहालयात आला होता, तिला सासऱ्याचे नाव दाखवायला. ताम्रपट, नाणी, नाक तुटलेला विष्णू. काठी सापडली ती ढोल आणि सनईच्या मध्ये, भिंतीवर. खाली चिठ्ठी : 'तुतारी. लोकवाद्य. फुंकण्याचे तोंड गहाळ. दाता अज्ञात.'

तेजरामने ती दोनदा वाचली. मग अच्युतरावांना गाठले.

"साहेब, हे कोनं लिहिलं? माया बापानं याच्यानं बैल हाकले. बाजा नाही वाजवला!"

अच्युतराव हसले. "अहो, त्याला पराणी म्हणतात. तुतारी तुम्हीच सांगितलंत."

"तुमच्याकडं पराणी असन. आमच्याकडं तुतारीच. अन तोंड गहाळ? या काठीले तोंड होतंच कुठी? फुंका बरं! फुंकून दाखवा!"

बघे फिदीफिदी हसले. गयाबाईने त्याची बाही ओढली. "चला ना जी, लोकं पाहून राहिले."

"पाहू दे! अन अज्ञात कावून? मी दिली ना यायच्या हातात!"

"नोंद झाली, वरिष्ठांची सही झाली," अच्युतराव म्हणाले. "एका चिठ्ठीनं काय बिघडतं?"

तेजरामचा आवाज एकदम खाली आला.

"आमच्या टोळीत पाच टनाच्या दोराले कोनं तरी दहाची चिठ्ठी लावली होती. दोर तुटला, गुलाबची दोन बोटं गेली. अन तुमी मले इचारता, काय बिघडते?"

अच्युतराव दुसऱ्या दालनात निघून गेले.

तेजराम आठवडाभर रोज संध्याकाळी घरी खपत राहिला. भंगारातला पत्र्याचा तुकडा आणला, कानशीने कडा घासल्या, छिन्नीने एकेक अक्षर ठोकले. दोरावर अशीच पत्र्याची चिठ्ठी लावतात. पावसाने पुसत नाही, कोणी सही करून बदलत नाही.

पुढच्या रविवारी गयाबाईच म्हणाली, "पहारेवाल्याले मी पाहीन."

ती विष्णूपुढे उभी राहिली. "काहो भाऊ, या देवाचं नाक कोनं नेलं?" पहारेवाला तासभर पुरेल असे सांगू लागला. तोवर तेजरामने पत्रा काठीला लावला, तारेला पक्कडीने सहा पीळ दिले आणि टोके आत दाबली.

अच्युतराव धावत आले. पत्रा ओढून पाहिला. हलला नाही.

"काढा हे!"

"पक्कड आहे मायाजवळ. देऊ का? काढा तुमी, लोकायसमोर."

अच्युतराव पत्रा वाचू लागले. त्यांचे ओठ हलत होते : 'तुतारी. बैल हाकायची. चिंधू सोनबा कापगते, मौजा सोनटोला.' पक्कडीसाठी हात मात्र पुढे आला नाही.

परतताना तेजराम सायकल जोरजोरात मारत होता.

"आता कायचा राग, बाप्पा?" मागून गयाबाईने विचारले. "लागलं ना नाव."

"लागलं," तो म्हणाला. "पन ते 'तोंड गहाळ' अजून खाली आहेच ना!"