विठोबाचे पाय गार होते

सगुणाअक्कांनी मला आसरा दिला. त्यांचं नाव आधी लिहून टाकते, म्हणजे पुढे माझी अक्षरं अडखळली तरी मुख्य गोष्ट राहून जायची नाही. मी तिसरीतून शाळा सोडलेली. चुकेल तिथे सांभाळून घ्यावं.

रंगूनवर बॉम्ब पडले तेव्हा आम्ही पायीच निघालो. माझे मालक वाटेतच वारले. एका तमिळ शेजारणीच्या आधाराने मी मुलीला घेऊन कुंभकोणमपर्यंत पोचले. शेजारणीला तिचे लोक चोळपुरमला घेऊन गेले. त्यांच्याच घरात जागा नव्हती, त्यांना बोल कसा लावू? धर्मशाळेच्या कारभाऱ्याने माझ्या गळ्यातला निर्वासितांच्या छावणीतला नंबराचा बिल्ला पाहिला, तापाने फणफणलेली पोर पाहिली आणि दार लावून घेतलं. "बर्माकडचे पटकी आणतात," एवढंच म्हणाला. देव आहे असं त्या दिवशी मला वाटत नव्हतं, खरं सांगते.

पुढे एका मठातून अभंग ऐकू आला. मराठी! पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच राहिलेली मराठी माणसं ती; उच्चार निराळे, पण शब्द आपले. दारातून विठोबा दिसला आणि माझं भानच गेलं. आमच्या गावी सगळेच करतात तसं सरळ आत गेले नि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. इथे पुजाऱ्यावाचून देवाला कोणी हात लावत नाही, हे मला कुठे ठाऊक! टाळ थांबले.

"अय्यो, बर्मावाली शिवली! बाहेर काढा तिला!" पुजारी ओरडला.

मी पोरीला पोटाशी धरलं. भजनातली एक पांढऱ्या केसांची बाई उठली. त्याच सगुणाअक्का.

"तुला शिवली काय रे? त्याला शिवली. तो बोलला काही?"

मागे कोणीतरी हसलं. पुजारी आत वळला. अक्कांनी माझ्या गळ्यातला बिल्ला काढला आणि म्हणाल्या, "अगे, नाव काय तुझं?" कित्येक महिन्यांत हे मला कोणी विचारलं नव्हतं. जात त्यांनी विचारली नाही, तेव्हाही नाही आणि पुढेही नाही.

त्यांच्या घरी पेज पिऊन पोरीचा ताप पाचव्या दिवशी उतरला. कशाने उतरला, याचा वाद मी घालत नाही. मी देवाकडे काही मागितलंही नव्हतं. तेवढं बळच उरलं नव्हतं. नुसतं डोकं टेकलं, बाकीचं त्याने पाहिलं.

एकदा तांदूळ निवडताना अक्कांनी हळूच विचारलं, "त्याचे पाय कसे लागले गे?" जन्मभर त्याची भजनं म्हटली, पण पायांना त्यांचा हात कधी लागला नव्हता.

"गार," मी म्हटलं. त्यांनी सुपातला हात उचलला, तळवा पाहिला आणि पुन्हा तांदळात घातला.

अक्का, दिवस बरे आले की तुम्हाला आमच्या गावी नेईन. हात धरून आत नेईन, आणि तुमचं डोकं त्याच्या पायांवर टेकेपर्यंत हात सोडणार नाही.