सेंगकांगमधली आडवी बाटली

आई इथे येते पण तिला करमत नाही, ही तक्रार माझ्या इतर मैत्रिणींची. माझी नेमकी उलटी. माझ्या आईला कुठेही करमतं. सिंगापुरात सेंगकांगच्या आमच्या ब्लॉकमध्ये मी इतकी वर्षं राहते, पण लिफ्टमध्ये मला जेवढी माणसं ओळख देतात त्याच्या दुप्पट तिला पंधरवड्यात देऊ लागली. इंग्रजीची अक्षरंसुद्धा तिला वाचता येत नाहीत. तमिळ, मलाय, चिनी यांचा तर प्रश्नच नाही. तिचं काही अडत नाही.

सकाळी माझ्या मुलाला शाळेच्या बसमध्ये बसवलं की ती आमच्या इमारतीखालच्या कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटच्या मागच्या दाराशी जाऊन बसायची. ते चालवणारी चिनी बाई तिच्याच वयाची, नवरा गेलेली. तिच्याकडे माशाचं सूप आणि नूडल्स मिळतात. आई शुद्ध शाकाहारी, तिथल्या चमच्यालाही हात लावायची नाही. पण दोन बुटकी स्टुलं टाकून दोघी कोथिंबीर आणि पालेभाजी निवडत बसायच्या, एक मराठीत बोलायची, दुसरी चिनीत, आणि दोघी मधूनमधून हसायच्या. "आपल्यातलीच आहे गं ती," असं आई म्हणायची. याहून मोठं सर्टिफिकेट तिच्याकडे नाही.

त्याच सुमारास आमच्या टाउनच्या कारभाऱ्यांनी मनावर घेतलं की इथल्या आणखी काही रेस्टॉरंटना बिअर आणि वाइनचा परवाना मिळवून द्यायचा. संध्याकाळी लोक जेवायला मॉलमध्ये जातात आणि इथली दुकानं ओस पडतात, असं त्यांचं म्हणणं. वरती मागणी करण्याआधी रहिवाशांचं मत हवं, म्हणून इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, व्हॉइड डेकवर, एक मोठा फलक लावला. त्यावर वस्तीचा नकाशा आणि रेस्टॉरंटची नावं. ज्याला परवाना मिळायला हरकत नाही त्याच्यापुढे हिरवी टिकली चिकटवायची, हरकत असेल तर लाल. कोपऱ्यावरच्या त्या बाईचं नावही यादीत होतं.

तो शुक्रवार होता. शुक्रवारी रॅफल्स प्लेसचं ऑफिस सुटलं की आम्ही चारपाच जण नदीकाठी बसून वाइन घेतो. एकेक, क्वचित दोन ग्लास. मग घरी येताना एलआरटीच्या गाडीत मी तोंडात लवंग टाकते. बँकेत माझ्या हाताखाली माणसं आहेत, माझ्या नवऱ्याला सगळं ठाऊक आहे, आणि तरी मी आईला घाबरून लवंग चघळते. तीसुद्धा आईनेच गावाहून आणलेल्या मसाल्याच्या डब्यातली. हसायचं तर हसा. पण माझे वडील प्यायचे. ज्या घरात बाप पितो त्या घरातली मुलगी आईला "मीही घेते" असं सांगू शकत नाही.

आई फलकापाशीच उभी होती. "हे कसलं गं?"

लवंग गालात सरकवून मी म्हटलं, "दारूच्या परवान्याचं. लोकांना विचारतायत, हवा की नको."

"म्हणजे आडवी बाटली!"

आमच्या तालुक्याच्या गावात दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं होतं. मतपत्रिकेवर दोन चित्रं होती. उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. आई दारोदार फिरली होती, बायकांना घराबाहेर काढलं होतं, आणि बाटली आडवी झाली होती. तिचा नारळ आणि साडी देऊन सत्कार झाला. त्या सत्काराचा फोटो अजून आमच्या दिवाणखान्यात आहे.

हे तसलं नाही, दुकान सुरू ठेवायचं की बंद करायचं असा प्रश्नच इथे नाही, जेवणाबरोबर एखादी बिअर मिळावी एवढंच आहे, हे मी तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण जवळ गेले असते तर वास आला असता. दमलेय म्हणून मी लिफ्टकडे निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून आई कामाला लागली. तिला स्वतःला टिकली लावता येत नव्हती, ती पाहुणी. पण खेळाच्या मैदानावर नातवंडांना घेऊन येणाऱ्या आज्यांना येत होती. आईने भाषेचा प्रश्न असा सोडवला. नातवाची पाण्याची बाटली बाकावर उभी ठेवायची, मग फलकाकडे बोट दाखवायचं, झोकांड्या खाणाऱ्या माणसाची नक्कल करायची, आणि धाडकन बाटली आडवी करायची. तमिळ आजी, मलाय आजी, गुजराती आजी, सगळ्या पोट धरून हसायच्या आणि जाऊन लाल टिकली लावून यायच्या.

"ममा, आजी सो फनी लाह," माझा मुलगा म्हणाला.

मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. आई झोकांड्या खायची तेव्हा ती हुबेहूब बाबांची नक्कल असायची. डावा खांदा खाली, हात भिंत शोधणारा. माझे शेजारी ते बघत होते. फलक लावणाऱ्या समितीतला एक गृहस्थ कौतुकाने म्हणाला, "युअर मदर व्हेरी पॉवरफुल, आह." मी ओशाळं हसून म्हटलं की ती खेड्यातली आहे, तिला इथलं काही कळत नाही. माझ्या आईबद्दल हे मीच बोलले.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी कोपऱ्यावरच्या बाईने मला गाठलं. हात पुसत बाहेर आली आणि म्हणाली, "यू टेल युअर मदर, कॅन?" तिची गिऱ्हाइकं माशाबरोबर बिअर मागतात, नाही मिळाली की पुढे जातात. या खेपेलाही परवाना नाही मिळाला तर तिला दुकान सोडावं लागणार होतं. मग फलकाकडे बघत ती म्हणाली, "शी माय फ्रेंड. शी डोन्ट नो इज मी."

खरंच आईला ठाऊक नव्हतं. यादीतली नावं इंग्रजीत होती, आणि आज्या आपल्या इमारतीखालच्याच दुकानापुढे टिकली लावत होत्या. सगळ्यात जास्त लाल टिकल्या आपण आपल्याच मैत्रिणीच्या नावापुढे लावून घेतोय, हे तिला कोण सांगणार? मीच.

"आज सांगते," मी म्हटलं.

नाही सांगितलं. त्या दिवशी आई जप करत होती. दुसऱ्या दिवशी तिचा गावाकडे फोन चालू होता. ही सगळी निमित्तं. खरी भीती पुढच्या प्रश्नाची होती. बिअर घेणारी माणसं जेवून गुपचूप घरी जातात हे तुला गं कसं माहीत, असं ती विचारणार, आणि माझ्या तोंडावर उत्तर दिसणार. पुढच्या शुक्रवारी मी पुन्हा वाइन घेतली, पुन्हा लवंग खाल्ली. सोमवारी फलक काढलेला होता.

काही आठवड्यांनी निकाल कळला. रस्त्यापलीकडच्या रेस्टॉरंटची नावं पुढे गेली. आमच्या कोपऱ्यावरचं वगळलं, शेजाऱ्यांचा विरोध जास्त म्हणून. ती बाई मला एका शब्दाने बोलली नाही. दिसले की मान हलवायची, नेहमीसारखी. मी दुसऱ्या जिन्याने येऊ-जाऊ लागले.

मग एका सकाळी आई वर आली ती हातात बुटकं स्टूल घेऊन.

"तिने दिलं मला. भांडीही बांधून ठेवलीत. दुकान सोडतेय वाटतं. का गं?"

तेव्हा मी सांगितलं. यादी, नाव, तिने मला काय सांगायला सांगितलं होतं, सगळं. एक लवंग तेवढी सोडून. आई स्वयंपाकघरात त्याच स्टुलावर बसली.

"गावातलं दुकान बंद झालं ना," ती म्हणाली, "तेव्हापासून तुझे बाबा पलीकडच्या गावाला जायला लागले. आधी निदान कोपऱ्यावर सापडायचे. माझा सत्कार झाला तेव्हाही तिकडेच होते. मी कोणाला बोलले नाही. काय तोंडाने बोलणार?" मग म्हणाली, "जेवताना घेणारा माणूस वेगळा आणि तुझे बाबा वेगळे, एवढं मला कळतं गं. तू सांगितलं असतंस तर मीच जाऊन बाटली उभी केली असती. का नाही सांगितलंस?"

मी ओट्यावरचा मसाल्याचा डबा आत सरकवला.

"लवंगेमुळे ना?"

मी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

"तुझे बाबाही लवंगच खायचे," आई म्हणाली. "मला तेव्हाही कळायचं."

मग गुडघ्यावर हात टेकून ती उठली. स्टूल काखेत घेतलं आणि खाली जाते म्हणाली, दुकान आहे तोवर कोथिंबीर निवडायला. तू येतेस का, असं तिने विचारलं नाही.